वाकोल्यात आकाश कमी पडतं

कीटकभक्षी झाड घरी आणणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : याला खायला काय घालायचं? मग प्लॅस्टिकच्या डबीत बसून आलेल्या व्हीनस फ्लायट्रॅपच्या जबड्यात मुंगी जाते, मेलेला डास जातो, पनीरचा कण जातो, एखाद्या घरी सुका जवळाही जातो. जबडा मिटला की मुलं टाळ्या वाजवतात. दोन-तीन महिन्यांत झाड काळं पडतं आणि घरात निष्कर्ष निघतो की मुंबईत ही झाडं जगत नाहीत. झाड उपासमारीनंच गेलेलं असतं, पण उजेडावाचून. पुढची पानं लिहिण्याचं कारण एवढंच आहे, आणि या प्रस्तावनेत मला तेवढीच गोष्ट जरा सावकाश मांडायची आहे.

कीटकभक्षी झाड हे आधी झाड आहे. त्याची साखर, म्हणजे त्याचं खरं अन्न, इतर कुठल्याही हिरव्या पानासारखी उजेड, पाणी आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साइडपासून तयार होते. किड्यातून त्याला मिळतो तो नायट्रोजन, फॉस्फरस आणि थोडीफार इतर द्रव्यं. आपण कुंडीत खत घालतो त्यातलाच हा प्रकार. ताटाच्या भाषेत सांगायचं तर किडा म्हणजे डाव्या बाजूचं लोणचं, वरणभात उजेडाचा. लोणच्यानं चव येते, जेवण खुलतं, पण नुसत्या लोणच्यावर कोणी महिना काढत नाही. चार्ल्स डार्विननं 1875 साली या वनस्पतींवर अख्खं पुस्तक लिहिलं, आणि त्याच्या मुलानं, फ्रान्सिसनं, 1878 मध्ये दवबिंदू नावाच्या कीटकभक्षी रोपांचे दोन गट करून एकाला मांसाचे बारीक कण दिले, दुसऱ्याला दिले नाहीत. मांस मिळालेल्या रोपांना बी कितीतरी जास्त धरलं. लोक या प्रयोगाचा एवढाच भाग लक्षात ठेवतात. मांस न मिळालेली रोपंही जगली, वाढली आणि फुलली, हा भाग गळून जातो.

मग झाडानं हा सापळ्यांचा खटाटोप केलाच का? याचं मला सर्वांत पटणारं उत्तर टॉमस गिव्हनिश आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 1984 मध्ये दिलं. व्हेनेझुएलातल्या सपाट माथ्याच्या डोंगरांवर वाढणाऱ्या, अननसाच्या कुळातल्या एका झाडाचा अभ्यास करताना त्यांनी जमाखर्चाचा विचार केला. सापळा बनवायला साखर खर्ची पडते, चिकट द्राव आणि पाचक रस बनवायला पडते, आणि पानाचा सापळा झाला की ते पान उजेड पकडण्याच्या कामात साध्या पानापेक्षा कच्चं राहतं. एवढा खर्च परवडतो कुठं? जिथं ऊन भरपूर आहे, पाणी भरपूर आहे आणि मातीत मात्र जवळजवळ काहीच नाही, तिथं. तीनपैकी एक जरी गोष्ट बदलली तरी हिशेब फिसकटतो. सावलीत सापळा हा तोट्याचा धंदा आहे. घटपर्णीचं झाड दुकानातून येताना दहा सुरया, म्हणजे सापळे, लटकवून येतं. घरात त्या सुकतात आणि पुढची पानं नुसती पानंच येतात, टोकाला सुरई धरत नाही. झाडाला आजार झालेला नसतो. पुरेसा उजेड नाही म्हटल्यावर ते फालतू खर्च बंद करतं. खोलीतली हवा एसीनं कोरडी झाली असेल तरी असं होतं, पण ज्या घरी एसी नाही तिथंही होतं, म्हणून मी आधी उजेडाकडे बघायला सांगतो.

ऊन, पाणी आणि नापीक जमीन हे तिन्ही एकत्र कसं दिसतं ते पाहायला व्हेनेझुएलाला जायला नको. साताऱ्याहून तासाभरात कास पठार येतं. समुद्रसपाटीपासून साधारण 1200 मीटर उंची, जांभ्या खडकावर बोटभर मातीचा थर, आणि पावसाळ्यात त्या थरावरून सतत झिरपणारं पाणी, जे मातीतलं खत-मूत धुऊन नेतं. झाडं नाहीत, झुडपंही तुरळक. डोक्यावर फक्त आकाश. ऑगस्ट-सप्टेंबरात तिथं सीतेची आसवं निळी-जांभळी सतरंजी अंथरतात आणि फोटो काढणारे नेमके त्यांच्यावर गुडघे टेकतात. त्या नाजूक फुलांच्या मुळाशी, चिखलात, टाचणीच्या टोकाएवढ्या पिशव्या असतात. एखादा सूक्ष्म जीव पिशवीच्या केसाला लागला की दार उघडून तो पाण्यासकट आत ओढला जातो, आणि हे सगळं एका सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास उरकतं. शेजारीच दवबिंदूची लालसर रोपं चिकट थेंब लेवून बसलेली. कास 2012 साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारसा यादीत गेलं, तेव्हापासून त्याचं नाव सर्वतोमुखी झालं. पण कोकणातल्या माणसाला हे दृश्य नवीन नाही. रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या कुठल्याही सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या पठारावर, श्रावणात चप्पल काढून चाललं तर पायाखाली ही मंडळी येतात. भाताच्या खाचरातही येतात. आपल्याकडच्या सीतेच्या आसवांची मोजदाद अजून चालूच आहे : जनार्दनम आणि हेन्री यांचा भारतातल्या या वनस्पतींवरचा ग्रंथ 1992 मध्ये आला, आणि 2000 साली महाराष्ट्रातून सापडलेल्या एका नव्या जातीला त्याच जनार्दनम यांचं नाव दिलं गेलं. तेव्हा सड्यावरून रोपं उपटून पिशवीत घालून आणायची नाहीत, हे इथंच सांगून ठेवतो. ती घरी जगत नाहीतच, शिवाय कुठली जात आपण उपटली हे उपटणाऱ्याला कळतही नाही.

आता मुंबईतला वाकोला. द्रुतगती मार्गावरून वाकोला पुलाखाली उतरा, बाजारातून आत वळा, आणि कुठल्याही इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीत उभे राहा. समोरच्या घरातल्या कुकरच्या शिट्ट्या मोजता येतात. विमानतळ शेजारीच असल्यामुळे इमारतींच्या उंचीला मर्यादा आहे, म्हणून वस्ती वर जाण्यापेक्षा एकमेकीला खेटून वाढली. खिडकीला बॉक्स ग्रिल, ग्रिलवर पत्रा, पत्र्याखाली वाळत घातलेले कपडे, आणि या सगळ्यातून दिसणारी आकाशाची एक पट्टी. सड्यावरचं रोप अख्खा घुमट पाहतं. वाकोल्याच्या कुंडीला त्यातली फाक मिळते.

गंमत अशी की बाकी सगळं इथं जुळून आलेलं आहे. परदेशातले शौकीन काचेच्या पेट्या आणि वाफेची यंत्रं लावून जो दमटपणा विकत घेतात, तो आपल्याकडे शर्टाला चिकटलेला असतो. पाणी म्हणाल तर सांताक्रूझच्या वेधशाळेनं 26 जुलै 2005 च्या त्या एका दिवस-रात्रीत 944 मिलिमीटर पाऊस मोजला आणि वाकोला नाल्यानं तो घराघरात आणून दिला. साध्या वर्षीही चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरच्या वर पडतो. ही झाडं क्षार सहन करत नाहीत, त्यांना पावसाचं पाणी लागतं, आणि ते पिंपात साठवून वर्षाचा बराच भाग निघतो. नळाचं पाणीही तलावांत साठलेल्या पावसाचंच, म्हणून देशातल्या बोअरवेलवाल्या शहरांच्या मानानं मृदू. तरी पाण्यात विरघळलेले क्षार (टीडीएस) मोजण्याचं पेन घेऊन एकदा तपासावं आणि आकडा 100 च्या आत असेल तरच वापरावं, 50 च्या आत असेल तर बिनधास्त. उष्णता आहे, दमट हवा आहे, पाणी आहे, आणि नापीक माती तर पीट आणि परलाइट मिसळून पाच मिनिटांत करता येते. नाही ते फक्त आकाश. या झाडांचा दिव्याशी संबंध येतो तो इथं.

खिडकीशी ‘चांगला उजेड येतो’ असं आपण म्हणतो तेव्हा आपला डोळा आपल्याला फसवत असतो. बाहुली आकुंचन पावते, विस्फारते, आणि शंभरपट फरकही दहापट वाटत नाही. आकडे बघा. भर दुपारच्या निरभ्र उन्हात एक लाख लक्स. पावसाळ्यातल्या ढगाळ आकाशाखाली, पण उघड्यावर, दहा-वीस हजार. दिवाणखान्याच्या मध्यावर दिवसा शंभर ते तीनशे, आणि तिथं आपण आरामात वर्तमानपत्र वाचतो. म्हणजे कासवरचं रोप धुक्यात बुडालेलं असतं तेव्हासुद्धा आपल्या टीव्हीवर ठेवलेल्या रोपापेक्षा पन्नासपट श्रीमंत असतं.

लक्स हे माणसाच्या डोळ्याचं माप. ते हिरव्या-पिवळ्या रंगाला जास्त वजन देतं. झाडासाठी 400 ते 700 नॅनोमीटरमधले प्रकाशकण मोजतात : एका चौरस मीटरवर एका सेकंदात किती मायक्रोमोल पडले. कडक ऊन म्हणजे सुमारे 2000. दिवसभराची बेरीज मोलमध्ये करतात, आणि मे महिन्यातल्या मोकळ्या गच्चीवर ती 40 च्या वर जाते. पाचशे लक्सच्या खिडकीत दहा तास काढलेल्या रोपाची बेरीज अर्धा मोलही भरत नाही. दिवा विकत घेण्याआधी ही दोन माणसं, गच्चीवरचा चाळीस मोलवाला आणि खिडकीतला अर्ध्या मोलवाला, डोळ्यांपुढे ठेवावीत. आपल्याला दुसऱ्याला पहिल्यासारखा धनाढ्य करायचा नाही. सहा-आठ मोलांपर्यंत नेला तरी दवबिंदूचा संसार व्यवस्थित चालतो.

पंधरा-वीस वर्षांपूर्वी हे घरात करायचं म्हणजे ट्यूबलाइटची रांग, चोक तापणार, बिल वाढणार. एलईडीनं हे बदललं. लाल एलईडी 1962 पासून होता. निळा मात्र नव्वदच्या दशकापर्यंत हुलकावणी देत राहिला. तो जपानमध्ये आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांच्या कामातून तेजस्वी झाला, त्यासाठी तिघांना 2014 चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, आणि निळ्या चिपवर पिवळसर फॉस्फरचा लेप दिला की पांढरा दिवा तयार, हे घराघरात पोचलं. आपल्याकडे 2015 मध्ये स्वस्त एलईडी दिव्यांसाठी केंद्राची उजाला योजना सुरू झाली. तिच्यासाठी एकगठ्ठा खरेदी होणाऱ्या दिव्याचा भाव 310 रुपयांवरून 2016 पर्यंत चाळिशीच्या आत आला. आपल्या या छंदाचा कुठल्याही सरकारी फाइलीत उल्लेख नसेल, पण त्याचा पाया त्या भावानं घातला.

दुकानात ‘ग्रो लाइट’ मागितला की जांभळा-गुलाबी दिवा पुढे येतो. लाल आणि निळा एवढेच रंग झाडाला कामाचे, हिरवा वाया जातो, असं त्यामागचं गणित. ते गणित काचेच्या नळीत विरघळवलेल्या हरितद्रव्यावरून काढलेलं आहे; जिवंत पान हिरव्यातलाही बहुतांश भाग वापरतं. मॅकक्री या शास्त्रज्ञानं 1972 मध्ये पिकांच्या 22 जातींची पानं घेऊन रंगागणिक मोजणी केली, तेव्हाच हे स्पष्ट झालं होतं. जांभळ्या दिव्याखाली झाड वाढतं, नाही असं नाही. पण त्याखाली पान पिवळं पडलंय की लाल झालंय हे आपल्याला दिसत नाही, बुरशी दिसत नाही, मावा दिसत नाही, आणि संध्याकाळी समोरच्या इमारतीतून चौकशी होते की घरात नक्की काय चालू आहे. मी पांढऱ्याच्या बाजूचा आहे. लोहार चाळीत किंवा आपल्या नाक्यावरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळणारी चार फुटी 20 वॅटची एलईडी बॅटन साधारण 2000 ल्युमेन देते. चार फूट बाय दीड फुटाच्या फळीवर अशा चार लावल्या आणि रोपांपासून वीतभर उंच ठेवल्या, तर कडेला सांडणारा उजेड वजा जाऊन दहा हजार लक्सच्या आसपास मिळतात, म्हणजे अंदाजे 140 मायक्रोमोल. चौदा तास चालवा, सात मोल झाले. फळीच्या मागे आणि बाजूंना पांढरा फ्लेक्स किंवा थर्माकोल लावला तर सांडणाऱ्यातला बराचसा परत येतो. वीज दिवसाला एक युनिटपेक्षा थोडी जास्त, महिन्याला तेहतीस-चौतीस युनिट. आपल्या बिलावरच्या दरानं गुणून घरात आधीच सांगून टाकावं, नंतर सांगणं अवघड जातं.

वेळ टायमरवर सोडावी. मुंबईचा सर्वांत लहान दिवस अकरा तासांचा आणि सर्वांत मोठा सव्वातेरा तासांचा, तेव्हा चौदा तास म्हणजे फार अनैसर्गिक काही नाही. चोवीस तास दिवा ठेवणारे उत्साही भेटतात. त्यांनी रात्र नावाची गोष्ट झाडालाही असते हे मान्य करावं.

उजेड पुरतो की नाही हे सांगणारं सर्वांत विश्वासू यंत्र दवबिंदू स्वतःच आहे. भरपूर उजेडात त्याचे केस लाल होतात, प्रत्येकाच्या टोकावर टपोरा थेंब धरतो, पानं जमिनीसरशी बसतात. उजेड कमी पडला की रंग फिकट हिरवा होतो, पान लांबट आणि लुळं पडतं, आणि थेंब गायब. थेंब हा पैसे उरले तरच केलेला खर्च. मोबाइलमधलं लक्स मोजणारं ॲप अंदाजाला ठीक आहे. दवबिंदूचं म्हणणं आणि ॲपचं म्हणणं जुळलं नाही तर दवबिंदूचं ऐकावं. एक सावधगिरी : खिडकीतल्या अर्ध्या मोलावर वाढलेलं रोप एकदम चार बॅटनखाली आणलं तर पानं भाजल्यासारखी होतात. आठवडाभर अंतर कमी करत न्यावं.

दिवे आणि पाण्याचे ट्रे एकाच रॅकवर असतात, त्यामुळे पुढची गोष्ट जरा कठोरपणे सांगतो. प्लगपट्टी ट्रेच्या खाली कधीही नको, बाजूला आणि वर. वायर प्लगकडे जाण्यापूर्वी खाली झोळ घेऊन जावी, म्हणजे ओघळलेलं पाणी झोळाच्या तळाशी गळून पडेल, सॉकेटमध्ये शिरणार नाही. घरात विजेच्या गळतीला बंद होणारा आरसीसीबी बसवलेला नसेल तर झाडं घेण्याआधी इलेक्ट्रिशियनला बोलवावं. आपल्या खाऱ्या, दमट हवेत स्वस्त बॅटनचा ड्रायव्हर लवकर गंजतो. बॅटन लुकलुकायला लागली की टेप लावून चालवू नये, बदलावी.

आणि डास. कीटकभक्षी झाडांमुळे घरातले डास संपतात असं कुणी सांगितलं तर हसून सोडून द्या. उलट या झाडांखालचा ट्रे हाच डेंगीच्या डासाचा आवडता पाळणा : स्वच्छ, साचलेलं, सावलीतलं पाणी. महापालिकेची माणसं पावसाळ्यात घरोघर येऊन कुंड्यांखालच्या ताटल्या तपासतात ती याचसाठी, आणि ‘आमचं झाड डास खातं’ हे उत्तर तिथं चालणार नाही, चालूही नये. अंड्यापासून उडणाऱ्या डासापर्यंत आठ-दहा दिवस लागतात. आठवड्यातून एकदा ट्रे पूर्ण रिकामा करून, आतून घासून, पुन्हा भरला की प्रश्न मिटतो. दिव्याखालचं पाणी उथळ ठेवलं तर ते दोन-तीन दिवसांत आटतंही.

राहिला झाडाच्या निवडीचा मुद्दा, आणि इथं दिव्याची हद्द संपते. व्हीनस फ्लायट्रॅप सगळ्यांना हवा असतो. केसाला वीसेक सेकंदांच्या आत दोनदा स्पर्श झाला तरच मिटणारा तो जबडा पाहिला की मोह आवरत नाही हे मला मान्य आहे. पण ते झाड अमेरिकेच्या नॉर्थ आणि साउथ कॅरोलायनाच्या किनारपट्टीवरचं, आणि त्याला वर्षातले तीनेक महिने 10 अंशांच्या खाली झोप लागते. सांताक्रूझला आजवर नोंदलं गेलेलं सर्वांत कमी तापमान 7.4 अंश, तेही 22 जानेवारी 1962 च्या एका रात्रीचं. एरवी आपल्या जानेवारीतली रात्र सोळा-सतरावर थांबते. कितीही बॅटन लावल्या तरी हिवाळा विकत येत नाही. कुंडीतून काढून, मुळं ओल्या मॉसमध्ये गुंडाळून फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवणारे लोक आहेत, आणि काहींना ते जमतं. पहिल्या वर्षी त्या वाटेला जाऊ नये. सॅरासेनिया या कीटकभक्षी झाडाचंही तेच.

वाकोल्याच्या घराला जुळणारी मंडळी वेगळी आहेत. घटपर्णीतल्या उष्ण सखल प्रदेशातल्या जाती. आणि भारताची एकमेव घटपर्णी, मेघालयाच्या गारो, खासी आणि जयंतिया टेकड्यांवरची नेपेन्थिस खासियाना, जी आपली उष्णता बऱ्यापैकी सोसते. मात्र तिला कायद्याचं संरक्षण आहे आणि आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या सर्वांत कडक यादीत ती आहे, म्हणून बियांपासून वा ऊतिसंवर्धनानं वाढवलेलंच रोप, परवानाधारक नर्सरीतून, पावतीसकट घ्यावं. घटपर्णी रॅकमध्ये फार काळ मावत नाही, वेल होते. दोन वर्षांनी तिच्यासाठी ग्रिलमधली जागा आणि डोक्यावर एक स्वतंत्र दिवा लागेल.

पण सुरुवात करायची ती दवबिंदूच्या बर्मानी जातीपासून, असं माझं स्पष्ट मत आहे. रुपयाच्या नाण्याएवढं गोल रोप, आपल्याच सड्यांवरचं, थंडी न मागणारं, आणि चिलट टेकल्यावर कडेचे केस काही सेकंदांत आत वळवणारं. तेवढा वेग या कुळात थोड्यांकडेच आहे. वर्षभरात ते फुलून, भरपूर बी टाकून मरतं, आणि ते मेलं म्हणजे आपलं काही चुकलं असं नसतं. छंदी मंडळींकडून बी मिळतं. पेरताना ते भिजवलेल्या पीटवर नुसतं भुरभुरावं, वरून माती टाकू नये, कारण या धुळीएवढ्या बियांना रुजण्यासाठीही उजेड लागतो. कुंडीवर पारदर्शक झाकण ठेवून ती सरळ बॅटनखाली सरकवावी आणि तीन-चार आठवडे भिंगाशिवाय काही दिसेल अशी अपेक्षा करू नये.